गोदामांतील धूर आणि संस्थेचा जमाखर्च

शेतमाल खळ्यावरून निघून आडत्याच्या दुकानीं पडला म्हणजे शेतकऱ्याचा त्याच्याशीं संबंध संपला, अशी स्थिति आपल्याकडे पुष्कळ वर्षें होती. ती आतां पालटत चालली आहे. विविध कार्यकारी सोसायट्या, खरेदी-विक्री संघ व शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतःचीं गोदामें व शीतगृहें उभारूं लागल्या आहेत. ३१ मे २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सहकारी क्षेत्रांतील धान्यसांठवणीची मोठी योजना मंजूर केली, आणि २४ फेब्रुवारी २०२४ रोजीं तिच्यांतील पहिल्या अकरा संस्थांच्या गोदामांचें उद्घाटन झालें. त्या अकरांत आपल्या अमरावती जिल्ह्यांतील नेरपिंगळाई येथील सोसायटीचें ३००० टनांचें गोदाम आहे. प्रत्येक शेतकऱ्यानें संतोष मानावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु गोदाम बांधून झालें म्हणजे त्यांतील माल चढविण्या-उतरविण्याचा प्रश्न पुढें येतो, आणि संस्थेचा व्याप जरा मोठा असला कीं यंत्र घेण्याची गोष्ट निघते. बहुतेक ठिकाणीं हा प्रश्न पांच मिनिटांत सुटतो. तीन दरपत्रकें मागविलीं जातात, सर्वांत कमी किमतीचें डिझेल-यंत्र पसंत होतें, ठराव होतो, नारळ फुटतो व पेढे वांटले जातात. पुढें दहा-पंधरा वर्षें त्या यंत्रांत किती डिझेल जातें, त्याचा धूर कोणाच्या छातींत शिरतो, आणि सभासदांच्या मालावर त्याचा काय परिणाम होतो, याची चौकशी त्या सभेंत होत नाहीं. ती व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, छपराखालीं चालणारें यंत्र धूर सोडणारें असूं नये. आणि कोणतेंही यंत्र घेण्यापूर्वीं त्याच्या कामाचे तास व त्याच्या फेऱ्या मोजल्या गेल्या पाहिजेत.

यंत्राची रचना

ज्या यंत्राविषयीं आम्ही लिहीत आहों त्यास सर्वत्र फोर्कलिफ्ट असेंच म्हणतात. पुढें दोन लोखंडी कांटे, ते वर-खालीं सरकविणारा उभा सांगाडा, मध्यें चालकाची बैठक आणि मागें मोठें वजन, अशी त्याची रचना असते. पोतीं किंवा खोके लाकडी पाटावर रचून ठेवावयाचे. या पाटास पॅलेट म्हणतात. कांटे पॅलेटखालीं घातले कीं सबंध थप्पी एकदम उचलतां येते. पुढील ओझ्यानें गाडी नाकावर आपटूं नये म्हणून मागें वजन ठेवलेलें असतें. तागडीच्या दोन पारड्यांचाच हा न्याय आहे. त्यामुळें दोन टन उचलणारें यंत्र स्वतः तीन टनांहून अधिक भरतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हीं यंत्रें डिझेलवर, पेट्रोल वा गॅसवर, आणि बॅटरीवर अशा तिन्ही प्रकारें चालतात. बॅटरीचें यंत्र ही अलीकडची टूम आहे असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाहीं. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेनें आल्टूना येथें १९०६ सालींच सामान वाहण्यास बॅटरीच्या गाड्या वापरल्या होत्या. क्लार्क कंपनीची पेट्रोलवर चालणारी गाडी त्यानंतर, म्हणजे १९१७ सालीं निघाली. हल्लीं गोदरेजसारख्या स्वदेशी कारखान्यांतही डिझेलचीं व बॅटरीचीं अशीं दोन्ही यंत्रें तयार होतात. तेव्हां बॅटरीचें यंत्र म्हणजे परदेशांतून मागवावयाची दुर्मिळ वस्तु, ही सबब आतां उरली नाहीं.

धूर कोठें जातो

मोकळ्या अंगणांत डिझेलचा धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. गोदामाची गोष्ट निराळी. पाऊस, उंदीर व पांखरें आंत येऊं नयेत म्हणून गोदामाच्या खिडक्या थोड्या व उंचावर असतात, आणि दोन थप्प्यांमधील वाटेंत हवा फारशी हालत नाहीं. अशा जागीं इंजिन चाललें कीं त्याची काजळी व विषारी वायु तेथेंच कोंडून राहतात. आणि ओझें वाहणारा हमाल बसलेल्या माणसापेक्षां पुष्कळ अधिक हवा छातींत घेत असल्यामुळें त्याच्या वांट्यास तो धूर अधिक येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालीं डिझेल-इंजिनाच्या धुरास कर्करोगाचें संभाव्य कारण म्हटलें होतें. जून २०१२ मध्यें पुराव्याची फेरतपासणी करून तिनें तो धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला. हा वर्ग संशयाचा नसून निश्चितीचा आहे. पेट्रोल व गॅसवरच्या यंत्रांचा धूर डोळ्यांस कमी दिसतो, परंतु त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, व कोंडलेल्या जागीं तो माणसास बेशुद्ध करून मारूं शकतो.

माणसाची गोष्ट प्रथम सांगितली, कारण ती प्रथम आहे. आतां मालाकडे पाहूं. करमाळा व टेंभुर्णी या भागांतून, तसेंच जळगांव जिल्ह्यांतील रावेरकडून, केळी परदेशीं जाऊं लागली आहे. ही केळी कच्ची काढून, सुमारें १३ अंश उष्णतामानावर गार करून, हिरवीच पाठवावी लागते. केळी पिकविणारा वायु तो इथिलीन. पिकवणी-खोलींत तो हवेच्या दहा लाख भागांस शंभर भाग या बेतानें मुद्दाम सोडतात. परंतु हिरव्या केळीचें पिकणें सुरू होण्यास याचा शंभरावा अंश, किंबहुना त्याहूनही कमी, पुरा होतो. आणि हाच इथिलीन इंजिनाच्या धुरांत असतो. म्हणजे ज्या दालनांत आपण पैसे खर्चून केळीचें पिकणें थांबवितों, त्याच दालनांत इंजिनाची गाडी फिरवून तें सुरू होण्याची सोय करितों! बाहेर वीस-पंचवीस दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर पेटी उघडली आणि माल पिवळा निघाला, तर दोष कोणाचा म्हणावयाचा? तासगांव-सांगलीकडील शीतगृहांत बेदाणा महिनेमहिने राहतो. त्याच्या खोक्यांवरही काजळी व डिझेलचा वास बसणें इष्ट नाहीं. ग्राहक वासाचें कारण विचारीत नाहीं, तो भाव पाडतो.

शीतगृहांत आणखी एक तोटा आहे. एक लिटर डिझेल जाळल्यानें सुमारें दहा युनिट विजेइतकी शक्ति निघते. तिच्यांतील चौथाईच्या आसपासच भाग यंत्राच्या कामीं येतो व बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता थंड दालनांत पडली तर ती बाहेर काढण्यासाठीं कॉम्प्रेसरला पुन्हां वीज खावी लागते. एका हातानें पाणी उपसावें व दुसऱ्या हातानें तें विहिरींत ओतावें, तसा हा प्रकार आहे.

दहा वर्षांचा हिशेब

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. आकडा मांडल्याशिवाय कोणत्याही गोष्टीची खात्री पटूं नये, ही त्या दप्तराची शिकवण आहे. म्हणून एक नमुन्याचा हिशेब देतों. यांतील दर व वापर धरून चाललेले आहेत. प्रत्येक संस्थेनें आपापले आकडे घालावेत, रीति मात्र हीच ठेवावी.

समजा, दोन-अडीच टनांचें यंत्र वर्षाचे २५० दिवस, रोज प्रत्यक्ष चार तास चालतें. म्हणजे वर्षाचे १००० तास झाले. डिझेल-यंत्रास तासाला अडीच लिटर धरलें तर वर्षास २५०० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरतां खर्च २,२५,००० रुपये होतो. तेंच काम बॅटरीच्या यंत्रानें करतां, भरतांना व वापरतांना होणारी तूट धरून, तासाला सात युनिट वीज लागेल; वर्षास ७००० युनिट झाले. युनिटला १० रुपये धरले तर खर्च ७०,००० रुपये. वर्षाची बचत १,५५,००० रुपये, आणि दहा वर्षांची साडेपंधरा लाख. शिवाय इंजिन-ऑइल, फिल्टर व पट्टे यांचा खर्च बॅटरीच्या यंत्रास नसतो. यांतून यंत्राच्या किमतींतील फरक व मध्यें एकदां नवी बॅटरी घ्यावी लागल्यास तिची किंमत वजा करावी. जें उरेल तें सभासदांचें.

आतां याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. ज्या संस्थेचें यंत्र वर्षांतून २०० तासच चालतें, तिचें डिझेल ४५,००० रुपयांचें व वीज १४,००० रुपयांची होईल. बचत फक्त ३१,००० रुपये. एवढ्यांत किमतींतील फरक भरून येण्यास फार काळ लागेल, आणि न वापरलेली बॅटरी नुसती पडूनही खराब होते. अशा संस्थेस आमचा सल्ला असा कीं, तिनें डिझेलचेंही घेऊं नये व बॅटरीचेंही घेऊं नये. हातानें ओढावयाची पॅलेट-गाडी, जिचा दांडा खालीं-वर केला कीं पाट जमिनीवरून उचलला जातो, ती पुष्कळ कमी किमतीस मिळते. तिला डिझेल नको, वीज नको, चालकाचा पगारही नको. उंच थप्पीसाठीं हंगामांत बॅटरीचें यंत्र भाड्यानें आणावें. तासांची संख्या हीच या प्रश्नाची किल्ली आहे, आणि नेमकी तीच कोणी विचारीत नाहीं.

कोळशाचा जाब

बॅटरीचें यंत्र घेतलें कीं धूर नाहींसा झाला, असें सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतील. तें अर्धेंच खरें आहे. गोदामांतील धूर गेला हें खरें. परंतु आपल्या राज्याची वीज अद्याप मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा ठिकाणीं कोळसा जाळून होते. तेव्हां धुराचा कांहीं भाग आपल्या गोदामांतून निघून त्या गांवांच्या आकाशांत गेला, एवढेंच.

याचाही हिशेब मांडतां येतो. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. वरील २५०० लिटरांचा तो ६७०० किलो झाला. देशांतील विजेच्या सरासरीनें एका युनिटामागें सुमारें ०.७ किलो धरावा लागतो. म्हणून ७००० युनिटांचा ४९०० किलो झाला. घट झाली ती चौथाईहून किंचित अधिक. घट खरी आहे, पण जाहिरातींत म्हणतात तशी पूर्ण नाहीं. पाऊस वेळेवर पडावा, अवकाळी गारपीट होऊं नये, अशी ज्याची रोजची प्रार्थना असते, त्या शेतकऱ्यानें हवामान बिघडविणाऱ्या वायूचा हिशेब आपल्या घरापासून तपासावा, यांत गैर कांहीं नाहीं.

ही घट पूर्णतेच्या जवळ नेण्याचा उपाय गोदामाच्या छपरावरच आहे. आपल्याकडे एक किलोवॅटचें सौर पॅनेल वर्षास सुमारें १४०० युनिट वीज देतें. ७००० युनिटांस पांच किलोवॅट पुरे होतात, व त्यांस पन्नास चौरस मीटर जागा लागते. तीन हजार टनांच्या गोदामाच्या छपराचा तो एक कोपरा झाला. यंत्राचें काम दिवसां असतें हें खरें. परंतु दुपारच्या जेवणाच्या सुटींत व माल नसेल त्या वेळीं बॅटरी भरण्याची शिस्त ठेवली, आणि उरलेली वीज मीटरच्या मार्गानें कंपनीस दिली, तर कोळशावरचा भार पुष्कळ हलका होतो.

फुकट जाणाऱ्या फेऱ्या

इतका वेळ आम्ही डिझेल कीं बॅटरी हाच विचार केला. पण खरी मोठी उधळपट्टी दुसरीकडेच आहे, आणि ती कोणत्याही यंत्रांत होते.

पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब असा कीं, एक टन ओझें तीन मीटर उंच उचलण्यास विजेच्या एका युनिटाचा शंभरावा भागही लागत नाहीं. एका युनिटांत सुमारें १२० टन माल तीन मीटर उंच चढेल. नेरपिंगळाईच्या गोदामाएवढा ३००० टनांचा सारा सांठा एकेक टन करून तितका उंच चढविला, तरी शुद्ध कामास २५ युनिट, म्हणजे दहाच्या दरानें अडीचशें रुपयांची वीज पुरे! मग हजारों रुपयांचें डिझेल जातें कोठें? तें इंजिनाच्या उष्णतेंत जातें. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तें स्वतःच्या तीन टन वजनासह यंत्र गोदामाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत धांवतें, त्यांत जातें. रिकामें परत येणारें यंत्र म्हणजे तीन टनांचें ओझें विनाकारण वाहणारा बैल होय.

म्हणून काटकसरीचे पहिले उपाय यंत्राचे नसून मांडणीचे आहेत. जो माल वरचेवर जातो-येतो तो दाराजवळ ठेवावा. वर्षभर पडून राहणारा आंतल्या बाजूस ठेवावा. पुष्कळ गोदामांत जो आधीं आला तो आंत व जो नंतर आला तो दारांत, अशी रचना होते, आणि मग मधल्या मालासाठीं दहा थप्प्या हलवाव्या लागतात. एक ट्रक उतरवीत असतां त्याच खेपेंत बाहेर जाणारा माल आणतां येईल अशी वेळ जुळवावी. जमीन सपाट व खड्डेरहित असावी. खड्ड्यांत यंत्राची शक्तीही जाते व थप्पीही कोसळते. टायर झिजलेले किंवा कमी हवेचे असूं नयेत. एक टनाचे पॅलेट उचलावयाचे असतां तीन टनांचें यंत्र घेऊं नये. आणि डिझेलचें यंत्र असल्यास, ट्रकची वाट पाहात तें चालू ठेवूं नये. उभ्या इंजिनालाही डिझेल लागतें आणि धूर तर होतोच. बॅटरीचें यंत्र थांबलें कीं त्याचा खर्चही जवळजवळ थांबतो, हा त्याचा एक मोठा गुण आहे.

यासाठीं एका वहीची गरज आहे. आमच्या ओळखीच्या एका संस्थेंत आम्हीं यंत्राची नोंद पाहावयास मागितली. डिझेलच्या पावत्या एका तारेंत नीट ओंवलेल्या होत्या. परंतु त्या डिझेलांत किती माल हलला, हें चेअरमनपासून चालकापर्यंत कोणासही सांगतां आलें नाहीं. पिकाचा उतारा न काढतां खताचा खर्च लिहून ठेवावा, तशांतली ही गोष्ट. रोज चार रकाने भरावे: यंत्राच्या मीटरवरील तास, भरलेलें डिझेल किंवा वीज, हलविलेला माल क्विंटलांत, आणि शेरा. महिन्याच्या शेवटीं डिझेलास अगर विजेस मालानें भागावें. दर क्विंटलामागें खर्च किती आला, हा एकच आकडा मासिक सभेपुढें ठेवला, तर चोरी, आळस व यंत्राचा बिघाड हीं तिन्ही आपोआप उघडीं पडतात.

बॅटरीची निगा

बॅटरीचें यंत्र घेऊन तिची निगा न राखणें म्हणजे दुभती म्हैस घेऊन तिला वैरण न घालणें होय. जुन्या, शिसें व आम्ल यांच्या बॅटरीस भरण्यास सुमारें आठ तास व नंतर निवण्यास वेळ लागतो. तिच्यांत ऊर्ध्वपातित पाणी भरल्यानंतर घालावें, भरण्यापूर्वीं नव्हे. आणि पांचांपैकीं चार हिश्श्यांहून अधिक ती रिती करूं नये. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा चार झालें कीं तो ठिणगीनें पेट घेऊं शकतो. म्हणून भरण्याची जागा हवेशीर असावी व तेथें बिडी-काडीस सक्त बंदी असावी. नव्या लिथियम-बॅटरीस पाणी लागत नाहीं, ती थोड्या थोड्या वेळानें भरतां येते व भरतांना शक्तीचा नाश कमी होतो. किंमत मात्र जास्त पडते. जुन्या यंत्रांत परस्पर लिथियम-बॅटरी बसविण्याचा मोह कित्येकांस होतो. तो टाळावा. जुनी बॅटरी कित्येकशें किलोंची असते व तिचें वजन यंत्राचा तोल राखण्याच्या कामीं येतें. हलकी बॅटरी बसवून तें वजन भरून काढलें नाहीं, तर ओझें उचलतांच यंत्र पुढें कलंडेल. असा बदल कारखान्याच्या संमतीनेंच व्हावा.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा कीं, खेड्यांत वीज जाते. जाते हें आम्हांसही ठाऊक आहे. परंतु बॅटरी हीच मुळीं विजेची कोठी आहे. रात्रीं भरलेली बॅटरी दिवसाची पाळी काढते, आणि वीज नसतां काम थांबत नाहीं. ज्या गांवीं दिवसदिवस वीज नसते, तेथें शीतगृहच चालणार नाहीं; मग यंत्राचा प्रश्न उरत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, चिखलांत, चढावर व भर पावसांत डिझेलचें यंत्र अधिक दणकट. हें आम्ही मान्य करितों. उघड्या आवारांत ऊस, लांकूड वा कापसाच्या गांठी हलवावयाच्या असतील व जमीन कच्ची असेल, तर डिझेल-यंत्रास आमची हरकत नाहीं. आमचा विरोध छपराखालच्या धुरास आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या हवा-मंडळानेंही जून २०२४ मध्यें जो नियम मंजूर केला, तो पेट्रोल व गॅसवरचीं यंत्रें क्रमाक्रमानें काढून बिनधुराचीं आणण्याचा होता. सर्व कांहीं एका दिवशीं फेंकून द्या असें त्यानेंही म्हटलें नाहीं. आपणही जुनें यंत्र मोडीत जाईल तेव्हां नवें बिनधुराचें आणावें, हा मध्यममार्ग पत्करावा.

तिसरा प्रश्न आक्षेप म्हणून कोणी मांडीत नाहीं, तरी तो सर्वांत अवघड आहे. यंत्र आलें म्हणजे हमालांचें काय होणार? आपल्या राज्यानें १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा करून या लोकांच्या मजुरीस व कल्याणास कांहीं आधार दिला. ज्यांच्या पाठीवर आपलें धान्य आजवर चढलें, त्यांस एका ठरावानें घरीं बसविणें सहकाराच्या नांवास शोभणारें नाहीं. आमचें मत असें कीं, यंत्राचा चालक बाहेरून आणण्याऐवजीं हमालांतूनच तरुण निवडून त्यास रीतसर शिक्षण द्यावें. पाट रचणें, मोजदाद, वजन व बॅटरीची निगा हीं कामेंही त्यांच्याकडेच असावींत. जो माणूस पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून चढला आहे, त्यास कोणती थप्पी कलणार आहे हें कोणत्याही पदविकाधारकापेक्षां आधीं समजतें. धुराचें यंत्र त्याच्या छातीवर आणि त्याच्या पोटावर असा दुहेरी घाव घालतें. बिनधुराचें यंत्र त्याच्या हातीं दिलें तर दोन्ही वांचतात.

सभासदांस सूचना

आगामी वार्षिक सभेंत, जेथें यंत्र घेण्याचा विषय असेल तेथें, सभासदांनीं उठून पुढील प्रश्न विचारावे. यंत्र वर्षास किती तास चालणार व हा आकडा कोठून आला? काम छपराखालीं किती व बाहेर किती? दरपत्रकांत नुसती किंमत आहे कीं दहा वर्षांचें इंधन, दुरुस्ती व बॅटरी मिळून एकंदर खर्च मांडला आहे? बॅटरीची हमी किती वर्षांची? चालकाचें शिक्षण कोण देणार? आणि छपरावर पॅनेल बसविण्यास किती खर्च येईल? या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ठराव तहकूब ठेवण्याचा अधिकार सभेस आहे, आणि तो वापरण्यांत संकोच मानूं नये. महिनाभर उशीर झाल्यानें गोदाम पडत नाहीं; पण चुकीच्या यंत्राचा खर्च पंधरा वर्षें फिटत नाहीं.

जेथें यंत्र आधींच आलें आहे, तेथें वही आजपासून घालावी. तिला ना मंजुरी लागते, ना कर्ज. दर क्विंटलाचा आकडा तीन महिने लिहिला, म्हणजे संस्थेचा पैसा कोठें गळतो हें संचालकांस आपल्याच गोदामांत दिसूं लागेल. आणि पुढचें यंत्र कोणतें घ्यावें, हें सांगण्यास विक्रेत्याची वा आमची गरज उरणार नाहीं.